मटण वितळेपर्यंत

रविवारी सकाळी चहा झाल्यावर भारत हिवराळे सरांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, की आजच्या जेवणात त्यांच्याशिवाय कुणीही हात घालायचा नाही. हॉलमध्ये त्यांचे सासरे सर्जेराव, सासूबाई बेबीनंदा आणि बायको दीपमाला एवढेच होते, आणि त्यांच्यातलं कुणी जागचं हललंही नव्हतं. तरी घोषणा करणं सरांना गरजेचं वाटलं. जालन्यातल्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. प्रयोग सुरू करण्याआधी वर्गाला मागे सरकवायची त्यांची जुनी सवय होती.

आजचा प्रयोग मात्र साधा नव्हता. दीपमाला नर्स होती. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण पुण्याला होतं आणि त्यासाठी तिची निवड झाली होती. याआधी तिची संधी दोनदा हुकली होती. बातमी ऐकल्या ऐकल्या भारत सरांनी "बिलकुल जा" म्हणून सांगितलं आणि अख्ख्या शिक्षकखोलीत पेढे वाटले. अडचण आली ती सासुरवाडीहून, शहागडहून. सर्जेराव जन्मभर एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावरही समोरच्या प्रत्येक गोष्टीचा ब्रेक लागतो की नाही, हे ते आधी बघत.

"बाई सहा महिने घराभाईर," ते फोनवर म्हणाले होते, "मंग जावईबापू, तुमी खायचं काय?"

"मामा, घरात मायक्रोवेव्ह आहे."

"ती पेटी? ती सैपाक करती?"

"सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं करून फ्रीजरमध्ये ठेवायचं. लागेल तसं वितळवायचं, गरम करायचं. बटन दाबलं की झालं."

"मंग दाबून दाखवा."

त्यावरून हा रविवार ठरला. भारत सरांनी एकट्यानं, दीपमालाच्या मदतीशिवाय, सासूसासऱ्यांना मटणाचं जेवण घालायचं. स्वयंपाकाबद्दल दीपमालानं त्या दिवशी तोंडातून शब्दही काढायचा नाही. जमलं तर ठीक. न जमलं तर बेबीनंदाबाई सहा महिने जालन्याला येऊन राहणार. सासूबाईंविषयी भारत सरांच्या मनात फार आदर होता, पण तो शहागडच्या अंतरावरून अधिक चांगला टिकत होता. दीपमालाचं म्हणणं वेगळंच होतं. या वयात आईला आपलं घर सोडून चूल सांभाळायला यावं लागणार असेल, तर आपण पुण्याला जाणारच नाही, असं तिनं स्पष्ट सांगून टाकलं होतं. म्हणजे सगळा भार येऊन पडला होता तो एक किलो मटणावर.

हे मटण सरांनी गुरुवारीच आणून ठेवलं होतं. नियोजन हा त्यांचा लाडका शब्द. छोट्या छोट्या पिशव्या करा, चपट्या करून ठेवा, असं दीपमालानं तेव्हाच सुचवलं होतं. पण एकाच पिशवीला जागा कमी लागते हे सरांना ढळढळीत दिसत होतं. शनिवारी संध्याकाळी, तोंडबंदीचा नियम लागू व्हायच्या आधी, तिनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"अहो, आत्ताच फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळपर्यंत आपोआप सुटंल."

"मंग डिफ्रॉस्टचं बटन कंपनीनं काय शोभेला दिलं का?" सर म्हणाले, आणि विषय संपला.

आता त्यांनी फ्रीजर उघडून पिशवी बाहेर काढली आणि ओट्यावर ठेवली. ठण् असा आवाज झाला.

"काय पडलं?" हॉलमधून सर्जेरावांनी विचारलं.

"काही न्हाई मामा. मटण ठेवलं."

सर्जेरावांनी बायकोकडे पाहिलं. "मटण वाजतं का गं?"

"जावयाचं वाजत असंल," बेबीनंदाबाई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

सरांनी पिशवी सोलून गोळा काचेच्या ताटलीत ठेवला, यंत्रात सरकवला, वजन टाकलं आणि बटन दाबलं. ताटली फिरू लागली. यंत्र थोडं गुरगुरे, थोडं गप्प बसे, पुन्हा गुरगुरे. सर हाताची घडी घालून उभे राहिले. बीप वाजल्यावर त्यांनी दार उघडून बोटानं दाबून पाहिलं. कडा मऊ झाल्या होत्या. मध्ये बोट अडलं.

वास्तविक इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. थोडं फिरवायचं, थांबायचं, गोळा उलटायचा, सुटलेले तुकडे काढून घ्यायचे आणि उरलेलं पुन्हा आत ठेवायचं, एवढंच काम होतं. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत ते चित्रांसकट दिलेलं होतं आणि सरांनी ते वाचलंही होतं. पण हॉलमधून टीव्हीच्या आडून जी शांतता येत होती, तिनं त्यांना घाई झाली. कमी शक्तीवर हळू वितळतं, म्हणजे पूर्ण शक्तीवर जल्दी वितळेल, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. आठवीच्या एखाद्या मुलानं हे उत्तर लिहिलं असतं, तर त्यांनी लाल पेनानं त्यावर आडवी रेघ मारली असती.

यंत्र आता न थांबता गुरगुरू लागलं. तो बदललेला आवाज ऐकून दीपमाला हॉलमध्ये खोकली.

"दीपा, पाणी पी," सर आतून म्हणाले.

ती पुन्हा खोकली, या वेळी जरा जोरात.

बीप वाजला. सरांनी दार उघडलं. कडेचे तुकडे शिजून, करडे पडून आखडले होते आणि मधला भाग अजून गुरुवारातच होता.

भारत सर डगमगणाऱ्यांतले नव्हते. पातळ भाग जास्त तापू नये म्हणून त्यावर फॉइलचा छोटासा तुकडा लावावा, असं त्याच पुस्तिकेत कुठंतरी होतं, ते त्यांना नेमकं या वेळी आठवलं. त्यातला ‘छोटासा’ तेवढा आठवला नाही. दीपमाला डब्यात पोळ्या गुंडाळायची ती चकचकीत गुंडाळी त्यांनी काढली, गोळ्याला चारही बाजूंनी लपेटली, मध्ये फक्त बर्फाला तोंड ठेवलं आणि बटन दाबलं.

आत निळ्या ठिणग्यांचा चरचराट सुरू झाला. सर्जेराव ज्या खुर्चीवर बसले होते, तिथून स्वयंपाकघराचा कोपरा दिसत असे.

"जावईबापू," त्यांनी शांतपणे विचारलं, "आत वेल्डिंग चालू हाय का?"

सरांनी झटकन बटन बंद केलं. "न्हाई मामा! जरा ठिणगी होती. थांबली."

दीपमाला उठून उभी राहिली होती. बेबीनंदाबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "बस. तोंड बंद म्हंजे पाय बी बंद." दीपमाला खोकू लागली ती थांबेचना. "लई खोकला झाला गं तुला," म्हणत बाईंनी कमरेच्या पिशवीतून ओवा काढून चिमूटभर तिच्या तोंडात घातला. "चाव. गिळू नको."

तोंडात ओवा आल्यानं इशाऱ्याचा तोही मार्ग बंद झाला.

आता सरांनी विज्ञान बाजूला ठेवून बळ वापरायचं ठरवलं. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन ते गोळ्यावर घाव घालू लागले. धप्. धप्. ओट्यावरचे चमचे नाचू लागले.

"मसाला कुटून राह्यले वाटतं," सर्जेराव म्हणाले.

बेबीनंदाबाईंनी जरा वेळ कान देऊन ऐकलं. "मसाल्याचा आवाज न्हाई हा. हे इहिरीचं काम दिसतंय."

घाम पुसून सर थांबले. गोळ्याला दोन भेगा पडल्या होत्या, पण तो सुटला नव्हता. मे महिन्याची दुपार होती आणि स्वयंपाकघर तापलं होतं. एवढ्या उकाड्यात राहिलेलं काम हवाच करेल, असं म्हणत त्यांनी गोळा ओट्यावर तसाच सोडला आणि तोवर अंडी उकडायला घेतली. मटणाला उशीर झाला तर अंडाकरी हातात असावी, हे पुन्हा नियोजनच. गॅसवर वेळ गेला असता, म्हणून त्यांनी काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं, त्यात सालासकट सहा अंडी बुडवली आणि वाडगा यंत्रात ठेवला. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, मग पाण्यातलं अंडं तरी कुठं जाणार? हा मुद्दा त्यांना इतका बिनतोड वाटला, की तो हॉलमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले.

त्यानंतर थोड्याच वेळात धडाम् आवाज झाला. यंत्राचं दार उघडून भिंतीवर आपटलं.

"टायर फुटलं!" सर्जेराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "मागचं का पुढचं?"

सगळे आत धावले. सर दारापासून चार हात लांब, हातात पक्कड घेऊन उभे होते. त्यांना काही झालं नव्हतं. पण पिवळा बलक यंत्रात, भिंतीवर, कॅलेंडरवर आणि छतावरही पोचला होता. वाडग्यात एकच अंडं शाबूत होतं. ते घट्ट झालंय का कच्चंच आहे, हे बघायला पुढं व्हायची कुणाची हिंमत झाली नाही.

"लागलं का तुम्हाला?" दीपमालानं विचारलं. ओवा गिळला गेला होता.

"छे. वाफ सालाच्या आत कोंडली. शंभर अंश पाणी असतं, बलक न्हाई. माझ्या लक्षात आलं आता," सर म्हणाले.

तेवढ्यात दीपमालाची नजर ओट्यावर गेली. गोळ्याभोवती गुलाबी पाण्याचं थारोळं साचलं होतं. कडा शिजलेल्या, मध्य गोठलेला, आणि वर मे महिना. तिनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि मग तिच्यानं राहवलं नाही.

"अहो, हे असं बाहेर ठेवलंत? अर्धं शिजलेलं, अर्धं कच्चं? मायक्रोवेव्हमधून काढलं की लगेच शिजवायचं असतं. कोमट झालं की जंतूंची जत्रा भरती त्याच्यात. आत्ताच्या आत्ता तुकडे सोडवा आन् कुकरला लावा. पार आतपर्यंत शिजलं पाहिजे. न्हाईतर उद्या सलाईन लावून झोपवीन सगळ्यांना."



"बोललीस," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

"बोललीच," सर्जेराव म्हणाले. "झालं. फाऊल."

दीपमालाचा चेहरा उतरला. पुणं डोळ्यांसमोरून सरकताना तिला दिसलं. पण ती सावरून म्हणाली, "आई, मी बायको म्हणून न्हाई बोलले. नर्स म्हणून बोलले."

बेबीनंदाबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग मान हलवली. "मंग चालतं."

दोन भेगा पडल्याच होत्या. सरांनी गोळा नळाच्या थंड पाण्याच्या धारेखाली धरला, तुकडे एकेक करून सोडवले आणि तिखट, मीठ, वाटण घालून कुकर गॅसवर चढवला. पण मटण शिजायला त्याचा वेळ लागणार आणि पाहुणे सकाळच्या चहावर बसलेले. सरांनी यंत्र पुसून काढलं आणि कालची तुरीची आमटी पातेलीतून काचेच्या मोठ्या वाडग्यात ओतून फिरवली. वाफ दिसल्याबरोबर त्यांनी ती तशीच बाहेर आणली. बेबीनंदाबाईंना वाडग्याच्या कडेची वाढली आणि सर्जेरावांना मधली.

"थंडगार हाय," सर्जेराव म्हणाले.

"काय बोलता! जीभ पोळली माझी," बेबीनंदाबाईंनी तांब्या तोंडाला लावला.

"अगं, थंड हाय!"

"तुमचं तोंडच थंड असंल!"

एकाच वाडग्यातल्या आमटीवरून चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच असं भांडण लागलं होतं. भारत सरांना त्यातही शिकवायची संधी दिसली. "मामा, मामी, दोघंही बरोबर आहात. या लहरी सगळीकडं सारख्या लागत न्हाईत. मध्येच काढून ढवळायला पाहिजे होतं आणि मग मिनिटभर तसंच राहू द्यायला पाहिजे होतं, म्हणजे आतली उष्णता सगळीकडं पसरती."

"मंग ढवळलं का न्हाई?" सर्जेरावांनी विचारलं.

तेवढ्यात सरांना यंत्रातल्या भाकरी आठवल्या.

भाकरी सरांनी खालच्या मजल्यावरच्या दैवशालाबाईंकडून सकाळीच करून घेतल्या होत्या. त्या गार झाल्या म्हणून त्यांनी सगळ्या एकदम आत ठेवल्या आणि आमटीचा वाद मिटवण्यात त्या आत आहेत हे विसरले. काढल्या तेव्हा त्या गरम होत्या, पण आवाज मटणासारखाच येत होता. सर्जेरावांनी एक भाकरी दोन्ही हातांनी वाकवून पाहिली, उलटी करून पाहिली आणि अंगठ्यानं तिच्या कडेवर टिचकी मारली.

"ब्रेकलायनर," ते म्हणाले. "चांगल्या कंपनीचा हाय."

लोकांचा दुपारचा चहा व्हायच्या सुमाराला कुकर उतरला. मटण पूर्ण शिजलं होतं, याबद्दल दीपमालानं एक तुकडा फोडून खात्री करून घेतली. रस्साही वाईट नव्हता. फक्त काही तुकडे लोण्यासारखे होते आणि काही दोरखंडासारखे. सर्जेराव एक घास फार वेळ चघळत राहिले.

"हे कडेचं दिसतंय," ते शेवटी म्हणाले.

ताटं रिकामी झाली. निकालाची वेळ आली. सर्जेरावांनी हात धुतले, मिशा पुसल्या आणि घसा साफ केला.

"जावईबापू, मी जनमभर गाडी चालवली. डेपोतून निघाली, घाटात गरम झाली, टायर फुटलं, प्याशिंजर उपाशी. ह्याला गाडी पोचली म्हणत न्हाईत."

"पोचली मामा. उशिरा पोचली."

"उशिरा म्हंजे? दुसऱ्या गाडीचा टाइम झाला! न्हाई, न्हाई. बेबे, तुला यावं लागतं इथं. बिलकुल."

"मंग मी जातच न्हाई," दीपमाला म्हणाली. तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. भारत सरांनी खाली पाहिलं.

बेबीनंदाबाईंनी आपलं ताट बाजूला सरकवलं. "एक इचारू का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी इथं आल्यावर तिथं तुमी काय खाणार?"

हा मुद्दा सर्जेरावांच्या रस्त्यात आलाच नव्हता.

"मी बी येईन की इथं," ते म्हणाले.

"म्हंजे मी दोघांचं करू?"



"जावई नापास, मान्य," बाई म्हणाल्या. "पर त्यांनी निदान धडाका तरी केला. आमच्या घरी चुलीवर तुमच्या हातानं कधी पाणी बी उतू गेलं न्हाई, कारण तुमी ठेवलंच न्हाई. मंग ऐका. दीपी पुण्याला जाईल. तुमी सहा महिने इथं जावयापाशी ऱ्हा. दोघं मिळून जाळा, फोडा, शिका."

"आन् तू?"

"मी शहागडला."

"एकटी?"

"एकटी," बेबीनंदाबाई म्हणाल्या. एखाद्या गोड पदार्थाचं नाव घ्यावं तसा त्यांनी तो शब्द घेतला.

"एकटी काय करशील तू?"

"बगते."

भारत सरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासूबाई येतील या भीतीची त्यांनी महिनाभर तयारी केली होती. सासरे येतील याची अजिबात नव्हती. पण दीपमालाच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते पाहून त्यांची छाती पुन्हा भरली. "बिलकुल! मामा, मी शिकवतो तुम्हाला सगळं," ते म्हणाले.

सर्जेरावांनी मान वर करून छतावरच्या बलकाकडे पाहिलं.

जूनमध्ये दीपमाला पुण्याला गेली आणि सर्जेराव जालन्याला आले. पहिला आठवडा दोघांनी बाहेरून मागवून काढला. मग खर्च जास्त व्हायला लागला, तशा दोघांनी बाह्या सारल्या. मटण छोट्या चपट्या पिशव्यांत जाऊ लागलं आणि आदल्या संध्याकाळी खालच्या कप्प्यात उतरू लागलं. भाकरीवर ओला रुमाल टाकून तिला नुसता एक फेरा द्यायचा, हा शोध सर्जेरावांनी स्वतः लावला आणि त्याबद्दल कुणालाही सांगायचं सोडलं नाही. आमटी ढवळल्याशिवाय ते भारत सरांना ताटाजवळ येऊ देत नसत. "थांबा, आतली गरमी पसरू द्या," असं म्हणत मिनिटभर चमचा आडवा धरून उभे राहत.

एके दिवशी दिवेलागणीला, जेवणाआधी, त्यांनी शहागडला फोन लावला. मूग आणि भात झालेला होता आणि ही गोष्ट बायकोला सांगणं त्यांना भाग होतं.

"जेवलीस का?"

"न्हाई," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

"का गं? काय केलंय आज?"

"केलंच न्हाई. कंटाळा आल्ता. शेंगदाणे आन् गूळ खाल्ला, अंगणात बाजंवर पडून राह्यले. वारं लई मस्त हाय."

"आन् मंग भूक लागली तर?"

"लागली तर उठंन. न्हाई लागली तर न्हाई उठणार."

"सकाळी काय केल्तं?"

"सकाळी बी न्हाई," बाई म्हणाल्या आणि हसल्या. फोनमध्ये मागे कुणाचा तरी रेडिओ वाजत होता.

सर्जेरावांनी फोन ठेवला. मुगाचं सांगायचं राहूनच गेलं होतं. चमचा हातात धरून ते भारत सरांकडे वळले.

"काय झालं मामा?" भारत सरांनी विचारलं.

"जावईबापू, तिची तब्येत बराबर दिसत न्हाई."

"का? काय म्हणाल्या?"

"म्हणाली काईच न्हाई," सर्जेराव काळजीनं म्हणाले. "लई खूश वाटली."